अ‍ॅम्प्लिफायरमधलं हमिंग: केबल बदलण्याआधी ते कुठून शिरतंय ते शोधा

टीव्ही जोडला की घूंऽऽ, टर्नटेबल लावलं की त्याहून मोठी घूंऽऽ, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की सगळं शांत. घरच्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरबद्दल पुन्हा पुन्हा येणारी तक्रार ही. त्यात अ‍ॅम्प स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. दोष बहुधा उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या वायरींत, अर्थिंगमध्ये किंवा उपकरणांच्या जागेत असतो. तो शोधायची दोन सर्वात चांगली साधनं अ‍ॅम्पच्या पुढच्या पट्टीवरच आहेत: व्हॉल्यूमचा नॉब आणि सोर्स सिलेक्टर.

लक्षणं

आधी गाणं बंद करून आवाज नीट ऐका. सगळी हमिंगं सारखी नसतात.

- खालच्या पट्टीतली, गोलसर, सलग घूंऽऽ: ही घरातल्या विजेची मूळ वारंवारता, म्हणजे ५० हर्ट्झ (काही देशांत ६०). ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलमार्फत फिरणारा नको असलेला प्रवाह), सुटलेलं शील्ड (केबलच्या सिग्नल वायरीभोवतीचं धातूचं आवरण), टर्नटेबलची न जोडलेली अर्थ वायर, यांपैकी काहीतरी.
- त्याहून एक सप्तक वरची, जरा खरखरीत घूं: १०० हर्ट्झ. रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा भाग) विजेच्या प्रत्येक आवर्तनातून दोन उंचवटे काढतो, म्हणून वारंवारता दुप्पट होते. इथे संशय अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायवर.
- धारदार टर्रर्र: दिव्याचा डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर.
- बारीक किरकिर किंवा शिट्टी, माउस हलवला वा स्क्रीनवर काही सरकलं की बदलणारी: कॉम्प्युटरच्या यूएसबीतून येणारी घाण.
- थांबून थांबून येणारी टिक-टिक-टर्र: जवळ ठेवलेला मोबाइल टू-जी नेटवर्कशी बोलतोय. फोन मीटरभर लांब ठेवा, विषय संपला.
- स्पीकरमधून काहीच नाही, पण अ‍ॅम्पच्या पेटीतूनच घूं: ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. याचं वेगळं बघू.

५० आणि १०० मधला फरक कानाला पटत नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या आणि हेडफोनमध्ये दोन्ही सूर ऐकून ताडून बघा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही. लहान बुकशेल्फ स्पीकरसुद्धा ५० हर्ट्झ नीट वाजवत नाहीत, त्यामुळे लूपचं हमिंगही त्यांच्यातून १००–१५० चं वाटू शकतं. म्हणून नुसत्या सुरावरून निकाल देऊ नका.

पहिली तपासणी: दोन नॉब, खर्च शून्य

हमिंग चालू असताना व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि कमी करा. हमिंग त्याच्याबरोबर वाढतं-घटतं का? तसं असेल तर ते नॉबच्या आधी शिरतंय, म्हणजे सोर्स, त्याची केबल किंवा अ‍ॅम्पचा इनपुटचा भाग. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढंच राहत असेल तर ते नॉबच्या पुढे शिरतंय: पॉवर सप्लाय, आउटपुटचा भाग, किंवा प्री-आउटला (दुसऱ्या उपकरणाला सिग्नल देणारं आउटपुट) लावलेला सबवूफर. सबवूफर असेल तर अ‍ॅम्प बंद करून त्याची केबल अ‍ॅम्पकडून काढा आणि पुन्हा ऐका. स्वतःच्या विजेवर चालणारा सबवूफर स्वतःचाच लूप तयार करतो, आणि दोष मात्र अ‍ॅम्पच्या नावावर जातो.

मग सिलेक्टर फिरवा. सीडी, ऑक्स, ट्यूनर, टीव्ही, सगळ्या जागा एकाच व्हॉल्यूमवर. हमिंग एकाच इनपुटवर असेल तर आरोपी सापडला. सगळ्यांवर सारखं असेल, रिकाम्या इनपुटवरही असेल, तर पुढच्या तपासणीला जा.

इथे फोनो इनपुटला (टर्नटेबलसाठीचं इनपुट) वेगळा न्याय लावायचा. रिकाम्या फोनो इनपुटवर व्हॉल्यूम पूर्ण उघडला की थोडी सळसळ आणि थोडी घूं येणारच. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईची हालचाल सिग्नलमध्ये बदलणारा टर्नटेबलचा भाग) जेमतेम ३ ते ५ मिलीव्होल्ट देतं, तर सीडी प्लेयर पूर्ण पातळीवर सुमारे २ व्होल्ट. ही दरी भरायला फोनोचा भाग मधल्या सुरांना साधारण १०० पट मोठं करतो आणि आरआयएए इक्वलायझेशनमुळे (रेकॉर्डवर दबवलेले खालचे सूर परत वर आणण्याची ठरलेली पद्धत) ५० हर्ट्झच्या आसपास त्याहून ७ पट जास्त. विजेची घूं नेमकी तिथेच बसते. तुम्ही ज्या व्हॉल्यूमवर रेकॉर्ड ऐकता त्या व्हॉल्यूमवर, सुई उचललेली असताना, बसायच्या जागेवरून घूं ऐकू येते का, एवढंच तपासा.

दुसरी: सगळं काढा, एकेक परत लावा

अ‍ॅम्प बंद करा, मगच केबल काढा. आरसीए प्लगची (ऑडिओ केबलचा नेहमीचा गोल प्लग) मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, म्हणून चालू अ‍ॅम्पमध्ये प्लग घातला की क्षणभर सिग्नल असतो आणि ग्राउंड नसतं. त्या क्षणी निघणारा दणका ट्वीटर जाळू शकतो.

मागच्या बाजूची प्रत्येक धातूची वायर काढायची, फक्त पॉवर आणि स्पीकर ठेवायचे. आरसीए तर काढालच, पण एफएमचा अँटेना, टेप-आउटला लावलेला रेकॉर्डर, एचडीएमआय आणि नेटवर्कची केबल लोक हमखास विसरतात. निवडलेला नसलेला सोर्ससुद्धा लूप करू शकतो, कारण सिलेक्टर फक्त सिग्नलची वायर तोडतो. सगळ्या इनपुटांचं ग्राउंड आत एकत्रच असतं. टीव्हीची केबल लावलेली आहे म्हणून सीडीवर घूं येते ती अशी.

आता अ‍ॅम्प चालू करून लाइन इनपुटवर ऐका. शांत असेल तर अ‍ॅम्प निर्दोष. मग बंद करून एक केबल लावा, चालू करा, ऐका. ज्या केबलने घूं परत येते तिथे थांबा. केबल न लावताच घूं येत असेल तर खालच्या बऱ्याच तपासण्या तुमच्यासाठी नाहीत, सरळ खालच्या ‘इथे थांबा’ या भागाकडे जा.

तिसरी: प्लग आणि केबल

सापडलेल्या केबलचा प्लग सॉकेटमध्येच दोन-चारदा गोल फिरवा, अर्थात अ‍ॅम्प बंद करून. घूं कमी झाली तर सांध्यावर ऑक्साइड चढलेला आहे. वर्षानुवर्षं न हलवलेल्या केबलीत हे फार होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर कापसाच्या काडीवर घेऊन सॉकेटचं बाहेरचं कडं आणि प्लगचं आतलं कडं पुसा. सॉकेटमध्ये थेट फवारा मारू नका.

हे का महत्त्वाचं, ते आकड्यांत बघा. शील्डमधून १० मिलीअँपिअर लूपचा प्रवाह जात असेल आणि शील्डचा रोध ०.१ ओहम असेल, तर त्यावर १ मिलीव्होल्ट पडतो. शील्ड हाच सिग्नलचा परतीचा रस्ता असल्यामुळे तो १ मिलीव्होल्ट थेट संगीतात मिसळतो. गंजलेल्या कड्याने रोध १ ओहमवर गेला की तोच प्रवाह १० मिलीव्होल्ट देतो. लूप तोच, घूं दहापट.

मल्टिमीटर असेल तर केबल दोन्हीकडून काढून एका टोकाच्या कड्यापासून दुसऱ्या टोकाच्या कड्यापर्यंत कंटिन्युइटी बघा आणि बघताना केबल प्लगजवळ वाकवा. आकडा उड्या मारत असेल तर शील्डचा सोल्डरचा डाग सुटलेला आहे.

घूं एकाच स्पीकरमध्ये असेल तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करा. आधी अ‍ॅम्पच्या टोकाला. घूं दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष केबलमध्ये किंवा सोर्समध्ये. जागच्या जागी राहिली तर अ‍ॅम्पमध्ये. केबलचं टोक मूळ जागी आणून मग सोर्सच्या टोकाला अदलाबदल करा. आता घूं हलली तर सोर्स, नाही हलली तर केबल. ग्राउंड लूप सहसा दोन्ही बाजूंना ऐकू येतो, म्हणून एकाच बाजूची घूं दिसली की पहिला हात केबलला.

केबल ठीक असेल तर तिची वाट बघा. पॉवरच्या वायरीला समांतर बांधलेली असेल तर सोडवा. दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडू द्या. उरलेली लांब केबल गुंडाळून अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला टाकू नका. एक-दीड मीटरची केबल पुरत असेल तर तीच घ्या.

चौथी: सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर

अ‍ॅम्प एका भिंतीवर, टीव्ही दुसऱ्या, कॉम्प्युटर तिसऱ्या. प्रत्येक सॉकेटची अर्थ वायर वेगळ्या वाटेने जाते आणि त्यांच्यात थोडा व्होल्टेज फरक राहतो. आरसीए केबलने दोन पेट्या जोडल्या की वर्तुळ पूर्ण होतं आणि तो फरक शील्डमधून वाहू लागतो. हाच ग्राउंड लूप. सगळी उपकरणं एका चांगल्या तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणा, म्हणजे अर्थचे बिंदू इंचांच्या अंतरावर येतात. घरगुती स्टिरिओ संचाला लागणारी वीज एका बोर्डाला सहसा झेपते, तरी बोर्डावर लिहिलेली मर्यादा बघून घ्या. त्याच बोर्डावर हीटर किंवा इस्त्री मात्र नको.

कधीही करायचं नाही असं एक

तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकली की घूं जाते. खरंच जाते. म्हणूनच हा सल्ला पसरतो, आणि तो जीव घेणारा आहे. आतलं इन्शुलेशन कधी फाटलं तर अर्थमुळे मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर फ्यूज उडत नाही, अ‍ॅम्पची धातूची पेटी जिवंत होते आणि आरसीएच्या शील्डमधून ती वीज टर्नटेबलच्या आर्मपर्यंत, हेडफोनच्या कड्यापर्यंत पोचते. लूप तोडायचा तो सिग्नलच्या वायरीत. पॉवरच्या वायरीत कधीच नाही.

पाचवी: सोर्सनुसार उपाय

*टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स.* डिश किंवा केबलची गोल कोॲक्सियल वायर टीव्हीवरून आणि बॉक्सवरून काढून ऐका. घूं गेली? मग लूप त्या वायरीतून येतोय, कारण तिचं शील्ड इमारतीत दुसरीकडेच कुठेतरी अर्थ केलेलं असतं. टीव्हीचा प्लग दोन पिनांचा असला तरी हे होतं. उपाय दोन: कोॲक्सियलच्या वाटेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातूचा थेट संबंध तोडून सिग्नल जाऊ देणारा जोड), किंवा टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून आवाज घेणं. डिशची वायर असेल तर दुसराच उपाय धरा, कारण डिशला वरपर्यंत वीज त्याच वायरीतून जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. ऑप्टिकल केबलीतून फक्त प्रकाश जातो, धातूचा संबंधच उरत नाही. अ‍ॅम्पला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मध्ये छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) लावावा लागेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साधा स्टिरिओ डॅक गप्प बसतो, आणि माणूस नवा बिघाड शोधत राहतो.

*लॅपटॉप.* चार्जर काढून बॅटरीवर चालवा. शांत झालं तर कारण चार्जरच. तीन पिनांचा असेल तर ग्राउंड लूप. दोन पिनांचा असेल तर त्याच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणारा अगदी छोटा प्रवाह शील्डमार्गे परत जातोय. दोन्हींवर उपाय एकच, लाइन लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. १:१ प्रमाणाचा, दोन्ही बाजूंना आरसीए असलेला डबा मिळतो. तो अ‍ॅम्पच्या जवळ, पण अ‍ॅम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा. अगदी स्वस्त डब्यांत कोअर लहान असतो, खालचे सूर मोठ्या आवाजात फाटतात. लावल्यावर तबल्याचा बायाँ किंवा बास गिटार ऐकून खात्री करा. हा डबा टर्नटेबल आणि फोनो इनपुटच्या मध्ये लावायचा नाही, तिथे तो स्वतःच घूं ओढतो. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये तर नाहीच.

*ब्लूटूथ रिसीव्हर.* तो टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालवत असाल तर वेगळ्या चार्जरवर घ्या. किरकिर बहुतेक तिथेच संपते.

*फोन, ३.५ मिमी जॅकमधून.* जॅक पूर्ण आत गेलाय का बघा. जाड कव्हरमुळे अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो आणि ग्राउंड टेकत नाही. शिवाय फोन चार्जिंगला लावून गाणी ऐकू नका; हा लॅपटॉपचाच प्रकार छोट्या अंगाने.

*टर्नटेबल.* इथे वेळ द्यावा लागतो.

सुई उचललेली, मोटर बंद, सिलेक्टर फोनोवर. घूं येत असेल तर टर्नटेबलमागून निघणारी बारीक सुटी वायर शोधा. तिच्या टोकाला इंग्रजी यू आकाराचा चपटा लग असतो. तो अ‍ॅम्पच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली आवळून बसवा. स्क्रू हाताने फिरवला की आवळल्यासारखा वाटतो, पण लग खाली सरकलेला असतो. ओढून बघा. काही मॉडेलांत ही वायर मुळात नसते, ग्राउंड आरसीएच्या शील्डमधूनच जातं.

मग धातूच्या टोनआर्मला बोट लावा. घूं कमी झाली तर आर्मचं ग्राउंड तुटलेलं आहे. वाढली किंवा बदलली नाही तर दुसरीकडे बघा. हेडशेल (कार्ट्रिज बसवलेलं आर्मचं टोक) सुटा होणारा असेल तर काढून त्याचे सोनेरी टेकू आणि कार्ट्रिजच्या चार वायरी बघा: पांढरी डावा सिग्नल, निळी डाव्याचं ग्राउंड, लाल उजवा सिग्नल, हिरवी उजव्याचं ग्राउंड. एखादा क्लिप सैल असेल तर त्याच बाजूला जोरात घूं येते. क्लिप काढायचा-घालायचा तो बारीक चिमट्याने, क्लिपलाच धरून. वायर ओढली तर डागापासून तुटते.

यानंतर जागा. कार्ट्रिजमध्ये कॉइल असते आणि ती ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते. आर्म हाताने उचलून प्लॅटरवरून आत-बाहेर फिरवा. एका जागी घूं मोठी, दुसऱ्या जागी लहान होत असेल तर हेच कारण. टर्नटेबल अ‍ॅम्पच्या वर ठेवलेलं असेल तर बाजूला घ्या, ३० ते ५० सेंटीमीटरने मोठा फरक पडतो. इथे कुठलीही केबल, कुठलंही अर्थिंग मदत करणार नाही.

अंगभूत प्रीअ‍ॅम्प असलेल्या टर्नटेबलला मागे फोनो/लाइन असं बटण असतं. बटण लाइनवर आणि केबल अ‍ॅम्पच्या फोनोमध्ये, अशी जोडणी झाली तर सिग्नल दोनदा मोठा होतो: फाटका आवाज, ढोलासारखा बास आणि वर घूं. बटण लाइनवर असेल तर ऑक्समध्ये जोडा. फोनोवर असेल तर फोनोमध्ये.

पेटीतूनच घूं

व्हॉल्यूम शून्य, हेडफोन शांत, पण अ‍ॅम्पला कान लावला की थरथर. टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्पमध्ये हे दिवसातल्या ठरावीक वेळीच होतं आणि मालक चक्रावतो. हेअर ड्रायरसारखी काही उपकरणं कमी उष्णतेवर डायोड लावून विजेचं अर्धंच आवर्तन वापरतात. त्यामुळे लाइनवर थोडं डीसी चढतं, टोरॉइडचा कोअर एका बाजूला झुकून संपृक्त होतो आणि गुरगुरतो. घूं चालू झाली की घरात काय चालू झालं ते बघा. उपकरण सापडलं तर प्रश्न समजला. शेजारून येत असेल तर डीसी ब्लॉकर लागतो, आणि तो तंत्रज्ञाकडून बसवून घ्यायचा. स्पीकरला याचा त्रास नाही, अ‍ॅम्पलाही घाईचा धोका नाही.

टर्रर्र असेल तर आधी डिमर आणि रेग्युलेटर एकेक बंद करत जा. पाच मिनिटांचं काम आहे.

इथे थांबा

सगळे सोर्स काढलेले, सबवूफर काढलेला, व्हॉल्यूम शून्यावर, तरी दोन्ही स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूं: पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकलेत. १५–२० वर्षं जुन्या अ‍ॅम्पमध्ये हे नेहमीचं. सुरुवातीला थंड असताना घूं येते आणि तापल्यावर कमी होते, पुढे ती जातच नाही. झाकण उघडू नका. हजारो मायक्रोफॅरडचे ते कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले राहतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केले की ठिणगी उडते आणि कधी आउटपुट ट्रान्झिस्टरही जातात. हे काम तंत्रज्ञाचं.

अ‍ॅम्प चालू केल्याक्षणी जोरात घूं येऊन वूफरचा कोन बाहेर किंवा आत ढकलला जाऊन तिथेच अडकला, तर तत्काळ प्लग काढा. आउटपुटवर डीसी आलंय, आणि काही सेकंदांत व्हॉइस कॉइल जळते. "पुन्हा एकदा लावून बघू" असं करू नका. संशय असेल तर स्पीकर सोडवून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी मोजा: ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर गेलं तर स्पीकर परत जोडू नका.

जळका वास, धूर, बदललेला फ्यूज लगेच पुन्हा उडणं: प्लग काढा. मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालून चालवणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणं.

पेटीला किंवा टोनआर्मला हात लावल्यावर झटका बसतो, किंवा सगळं एका बोर्डावर आणूनही घरातल्या एकाच सॉकेटवर घूं येते आणि दुसऱ्यावर नाही: अ‍ॅम्पच्या तंत्रज्ञाआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. पिनेमागे अर्थची वायरच जोडलेली नाही, असंही निघतं.

अ‍ॅम्प दुरुस्तीला देताना चिठ्ठी लिहून द्या: घूं एका बाजूला की दोन्ही, व्हॉल्यूमबरोबर बदलते की नाही, सगळे सोर्स काढल्यावर राहते का, थंड असताना की तापल्यावर, कोणत्या इनपुटवर. टर्नटेबलवरच तक्रार असेल तर टर्नटेबल आणि त्याची केबलही बरोबर द्या, कारण दुकानात दुसऱ्या सोर्सवर अ‍ॅम्प शांतच वाजेल आणि तसाच परत येईल.